गोळा रात्रीला ओळखतो की झोपेला?

वासू, काल दुपारी मला गोळा आला. डाव्या पोटरीत. जेवून पडवीत आडवा झालो होतो, डोळा लागतो न लागतो तोच पोटरीचं मांस आतल्या आत वळलं आणि त्याचा दगड झाला. मग तू शिकवलंस तसं केलं. गुडघा सरळ ठेवला, पायाची बोटं हातात धरली आणि माझ्याकडे ओढली. थोड्या वेळाने सुटला. सवयीने मोबाइल उचलला, तुझं नाव काढलं, आणि 'इलो रे, दुपारचोच इलो' हे सांगायला बोट पुढे गेलंसुद्धा. तुला जाऊन वीस दिवस झालेत हे बोटाला कुठे ठाऊक असायला.

तुझ्या तेराव्याला जो तो तुझ्या आवाजाबद्दल बोलत होता. राक्षस असावा तर वासूसारखा, गर्जना केली की पुढच्या रांगेतली पोरं आईच्या पदरात शिरायची, वगैरे. खरंच आहे ते. पण तुझ्या पायांबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. मी काढणार आहे. तुझे पाय माझ्याइतके कोणी पाहिलेले नाहीत, वहिनींनीसुद्धा नाहीत.

वीस वर्षं आपण एकाच दशावतार कंपनीत. तू इन्सुलीचा, मी आरोंद्याचा. तू राक्षस, मी राजा. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की वैशाखापर्यंत रोज रात्री मी तुला मारायचं आणि सकाळी तुझ्याच हातचा चहा प्यायचा. आपल्या नाटकाला लिहिलेलं पुस्तक नसतं. कथा मालक संध्याकाळी सांगतात, बोलणं आपलं आपण उभ्या उभ्या रचायचं. तू काय बोलशील हे मला ठाऊक नसायचं आणि मी काय उत्तर देईन हे तुला. तरी वीस वर्षांत तू मला एकदाही तोंडघशी पाडलं नाहीस.

गोळ्याचं पहिल्यांदा कळलं ते टेंपोत. पहाटे नाटक संपवून परतत होतो, सगळे पेटाऱ्यांवर कलंडलेले. तू एकदम असा किंचाळलास की मला वाटलं साप निघाला. "दाजी, पाय धर, पाय धर मेल्या." मी चुकीचा पाय धरला. त्यावरही तू शिव्या घातल्यास. शांत झाल्यावर पहिली गोष्ट काय केलीस, तर पुढे ड्रायव्हरशेजारी बसलेल्या मालकांना ऐकू गेलं का ते पाहिलंस. नंतर मला शपथ घातलीस, "मालकांका कळता नये." राक्षसाचं सगळं पायांवर असतं. उड्या, गिरक्या, राजाशी युद्ध. पाय गेले की पार्ट गेला, आणि मग वयस्कर नटाला ऋषी करतात. बाकड्यावर बसायचं आणि येईल त्याला आशीर्वाद द्यायचा. "माका बसान आशीर्वाद देवचो नाय," तू म्हणालास. तेव्हापासून ते गुपित आपल्या दोघांचं झालं, आणि मला मात्र भलताच नाद लागला. पायात गोळा येतो म्हणजे नेमकं होतं काय?

उपाय सांगणाऱ्यांना तोटा नव्हता. तू नाव न घेता विचारायचास, 'आमच्या शेजाऱ्याक' म्हणून. पेटीवाल्याने सांगितलं, केळी खा. तू नाटकाआधी चार केळी खाल्लीस आणि ऐन गर्जनेत ढेकर दिलीस. लोक हसले, तू लगेच म्हणालास, "आताच एक ऋषी गिळून आलो आहे." टाळ्या पडल्या, गोळा मात्र त्या पहाटेही आला. कोणी तांब्याचं कडं सांगितलं, कोणी उशाला कांदा. तू दोन्ही केलंस. कांद्याचा वास आठवडाभर तुझ्या अंथरुणाला होता आणि तुझ्या शेजारी झोपणारा मी होतो. कोकमाचं तेल चोळल्याने बरं वाटायचं, पण ते आलेला गोळा गेल्यावर. येणारा काही त्याने थांबत नव्हता.

माझा पहिला प्रश्न तुला आठवत असेल. सगळे म्हणतात गोळा रात्री येतो. पण आपण हंगामात रात्री जागे असतो आणि दिवसा झोपतो. मग आपल्याला कधी यायला हवा? तू म्हणालास, "दाजी, तुका धंदो नाय." पण विचारात तूही पडलास. मग आपण लक्ष ठेवलं. जत्रांच्या दिवसांत तुला यायचा तो दुपारी, देवळाच्या सभामंडपात झोपलेला असताना, बाहेर रखरखीत ऊन असताना. पावसाळ्यात घरी असलास, भात लावून दमलेला असलास, की रात्री. म्हणजे त्याला अंधाराशी काही देणंघेणं नव्हतं. तो झोपेला ओळखत होता. ही गोष्ट आपण दोघांनी स्वतः शोधून काढली याचा मला केवढा आनंद झाला होता. तू म्हणालास, "बरा झाला. पण आता झोपेक खंय सोडून येव?"

मग दुसरा प्रश्न. दिवसभर ज्या पायाला काही होत नाही, त्याला झोपेतच काय होतं? त्यासाठी मी जे केलं ते तुला उशिरा कळलं. एका जत्रेत तू झोपल्यावर मी तुझ्या पायथ्याशी बसून राहिलो, डोळ्यांत तेल घालून. आपला आचारी दोनदा येऊन बघून गेला. तिसऱ्यांदा त्याने विचारलं, "दाजी, वासूक काय झाला? गेलो काय?" मी म्हटलं, पाय बघतोय. तो कपाळाला हात लावून गेला. पण मला दिसायचं ते दिसलं. तू पालथा झोपतोस. पालथं झोपलं की पावलं मागे ताणली जातात, बोटं टोकाकडे जातात, आणि पोटरी आपोआप आखडून लहान होते. वर तू अंगावर सोंगांच्या कपड्यांचं जड गाठोडं घ्यायचास, घाम सुकल्यावर थंडी वाजते म्हणून. ते पावलांना आणखी खाली दाबायचं. आधीच आखडलेली पोटरी झोपेत आणखी जराशी आखडली, की तिथेच गाठ बसायची. मी बघत असतानाच ती बसली. चामडीखाली काहीतरी सरसरत वर गेल्यासारखं दिसलं आणि तू उठून बसलास. समोर मी. "तू हय काय करतंस?" मी सांगितलं. वेदनेत असूनही तू हसलास, आणि मग आईबहिणीवरून जे बोललास ते लिहीत नाही.

त्या दिवसापासून तुला उताणं झोपायला लावलं, पायांवरचं गाठोडं काढून टाकलं आणि पांघरूण पावलांशी मोकळं ठेवायचं ठरलं. फरक पडला. पण पुरता नाही.

पुरता का नाही, ते आपल्याच खोडीत होतं, आणि ते दिसायला आपल्याला वर्ष लागलं. आपण पाणी पीत नव्हतो. संध्याकाळी तोंडाला रंग लागला, कासोटा आवळला, वर शेला, दागिने, मुकुट बांधला की पहाटेपर्यंत लघवीला जाणं म्हणजे तासाचा उद्योग. म्हणून पिढ्यान्पिढ्या आपली माणसं रंग लागल्यावर पाणी पीत नाहीत. घसा सुकला की घोटभर चहा, तोही नुसती जीभ ओली करण्यापुरता. रात्रभर नाचायचं, अंगातला कपडा पिळला तर घाम गळेल इतकं भिजायचं, आणि वर कोरडं राहायचं. मी म्हटलं, वासू, हेच. तू म्हणालास, "माझो बापूस असोच नाचलो, आजो असोच नाचलो." मी विचारलं, त्यांना गोळे येत नव्हते? तू म्हणालास, "बापूस रात्रीचो उठान भिंतीक टेकान उभो रवायचो. आमका वाटायचा देवाचा नाव घेता."

शेवटी डॉक्टरकडे गेलो. दोघे गेलो, कारण एकटा तू गेला नसतास. डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी तुझे पाय दाबून पाहिले, साखर तपासायला सांगितली, रक्तदाबाची औषधं विचारली. तुझ्या रक्तदाबाच्या एका गोळीने लघवी जास्त होते, म्हणून नाटक असलेल्या दिवशी ती तू खातच नव्हतास, हे मला तिथे कळलं. बाई चिडल्या. औषध आपलं आपण बंद करायचं नाही, मला येऊन सांगायचं, मी बदलून देते, म्हणाल्या. मलेरियाच्या कडू गोळीने गोळे थांबतात असं तुला कोणीतरी सांगितलं होतं. ती हृदयाला आणि रक्ताला बाधू शकते, मुळीच घ्यायची नाही, म्हणाल्या. एक पाय सुजला, लाल झाला, गरम लागला तर तो गोळा समजून चोळत बसू नका, तडक या. बाकी पाणी प्या, आणि झोपण्याआधी पोटऱ्या ताणा. भिंतीसमोर हातभर अंतरावर उभं राहायचं, तळवे भिंतीला, एक पाय मागे, टाच जमिनीला चिकटलेली, आणि पुढे झुकायचं.

मी विचारलं, पण डॉक्टर, हा येतो का? त्या म्हणाल्या, खरं सांगायचं तर नक्की कोणालाच ठाऊक नाही. मज्जातंतू स्नायूला आखडायचा हुकूम देत राहतो एवढं कळलंय. झोपेत तो असा का वागतो, वय झालं की जास्त का, याची पुरती उत्तरं अजून नाहीत. परत येताना तू वैतागलेलास, गोळ्याचं कारणच सांगता येत नाही तर शिकल्या कशाला म्हणून. आणि मला मात्र इतकी गंमत वाटत होती. माणसं चंद्रावर गेली, आणि वासूच्या पोटरीत काय चालतं ते त्यांना ठाऊक नाही. एस्टीत मी तेच बोलत होतो आणि तू खिडकीबाहेर बघत होतास.

आता देवबागचं. हे मी टाळत होतो.

तिथे जत्रेत रंगमंच नव्हता, वाळूवरच मंडप. वाळूत नाचायचं म्हणजे प्रत्येक पावलाला पोटरी दुप्पट खर्ची पडते. त्यात तू पाण्याचा तांब्या तसाच ठेवलेलास, मी पाहिलं होतं. युद्ध सुरू झालं. पखवाज चढत गेला, आपण तलवारी भिडवल्या, तू गिरकी घेतलीस आणि उजव्या पायावर उतरलास तो तसाच राहिलास. लोकांना वाटलं आवेश आहे. मला तुझ्या मानेची शीर दिसली. टाच वर उचललेली, बोटं वाळूत रुतलेली, आणि डोळ्यांत पाणी. राक्षसाच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी तेव्हाच पाहिलं.

मी विचार केला नाही. तलवार खाली ठेवली, गुडघ्यावर बसलो, एका हाताने तुझी टाच धरली, दुसऱ्याने चवडा वर गुडघ्याकडे रेटला. पखवाजवाला भांबावून थांबला. काहीतरी बोलायला हवं म्हणून बोललो, "हे दैत्यराज, तुझ्यासारखा वीर पुन्हा मिळणार नाही. मारण्याआधी तुझ्या पायाची धूळ मस्तकी लावतो." तू दातांवर दात ठेवून म्हणालास, "राजा, धूळ थोडी आहे. नीट जोर लावून घे." मी जोर लावला. गोळा सुटला. तू दणकन पाय आपटलास, पखवाज पुन्हा सुरू झाला आणि मी तुला ठरल्याप्रमाणे मारलं. पुष्कळांनी टाळ्या वाजवल्या. काहींनी नाही वाजवल्या.

रंगपटात तू माझ्याकडे बघतही नव्हतास. "माका बाकड्यार बसवंक येय नाय होता?" मी म्हटलं, बसून सुटत नाही वासू, चवडा वर घ्यावाच लागतो, हे तुलाही ठाऊक आहे. तू म्हणालास, "आता सगळ्यांक कळला." मलाही राग आला. मी म्हटलं, मग पाणी का नाही प्यायलास? तू एका पायावर भार देऊन मुकुट उतरवत होतास आणि मी तुला पाण्यावरून बोलत होतो. त्यानंतर तू त्या हंगामातली उरलेली नाटकं केली नाहीस. पुढच्या हंगामालाही आला नाहीस. राक्षस दुसरा आला. मी त्याला तीन हंगाम मारलं, पण त्याच्याशी बोलताना माझी जीभ कधी सैल सुटली नाही.

तू माझ्याशी बोलणं टाकलं नाहीस हे तुझे उपकार. रोज सकाळी फोन. पण फोनवर फक्त गोळा. "आज नाय इलो." "आज इलो, पण बारको." तू डॉक्टरांचं अक्षर न् अक्षर पाळायला लागलास. गोठ्याच्या भिंतीला तळवे लावून रोज संध्याकाळी उभा राहायचास, वहिनी सांगतात, गायसुद्धा सवयीने मान वळवून बघायची. मग माझ्या पोटरीत गोळे यायला लागले आणि तू मास्तर झालास. "टाच उचलू नको. गुडघो वाकवू नको. श्वास कित्या धरतंस?" तुझे गोळे जवळजवळ थांबले होते. मला रोज वाटायचं, विचारावं, मग परत का येत नाहीस? मी तुझा पाय चारचौघांत धरला म्हणून तुझं नाटक सुटलं का? तीन वर्षं हा प्रश्न ओठांपर्यंत यायचा आणि मी विचारायचो, पाणी प्यायलास का?

तेराव्याच्या दिवशी माणसं पांगल्यावर मी वहिनींसमोर ते बोलून टाकलं. म्हटलं, वहिनी, वासूचं नाटक माझ्यामुळे गेलं. त्या भांडी आवरत होत्या. त्या थांबल्या आणि माझ्याकडे नवलाने बघत राहिल्या. "भावजी, तुमका अजून ठावक नाय?"

मला खरंच ठाऊक नव्हतं. त्या रात्री गावच्या मानकऱ्यांनी मालकांना बोलावून घेतलं होतं म्हणे. राजा राक्षसाच्या पायाशी बसला, देवाच्या जत्रेत हे शोभत नाही, असला राजा आम्हाला पुन्हा नको. मालकांनी मला काढायचं ठरवलं होतं. सकाळी तू त्यांच्याकडे गेलास. आपल्या नाटकात एकाने डोळ्याने किंवा बोटाने इशारा केला की दुसऱ्याने तसं वळायचं, म्हणून चूक झाली तर ती इशारा करणाऱ्याची, ऐकणाऱ्याची नाही. तू सांगितलंस, इशारा मी केला, दाजी माझ्या सांगण्यावरून बसला. "काढूचा तर माका काढा, नायतरी माझे पाय गेलेच हत." आणि मला सांगायचं नाही, असा मालकांकडून शब्द घेतलास. "ह्येंनी माका पण सांगू दिल्यानी नाय," वहिनी म्हणाल्या. "म्हटल्यानी, दाजीक राजाशिवाय दुसरा काय येता?"

मेल्या. तुझ्यावर एवढा राग मला देवबागलाही आला नव्हता. माझं मन मला खात होतं की मी तुझा पार्ट घालवला, आणि तू तो माझ्यासाठी आपण होऊन सोडला होतास. रोज सकाळी फोनवर बोलत होतास, एवढी पोटऱ्यांची चौकशी करत होतास, आणि तोंडातून ब्र काढला नाहीस. मी तुझा पाय बघत बसलो तासन् तास, आणि तुझ्या मनात काय चाललंय ते मला दिसलं नाही.

परवा मालकांकडे गेलो. ते पडवीत पेटाऱ्यातले मुकुट उन्हाला काढून ठेवत होते. मी म्हटलं, मालक, देवबागला इशारा झाला नव्हता. वासूने डोळा हलवला नाही, बोट हलवलं नाही, तो हलूच शकत नव्हता. मी आपण होऊन बसलो. काढायचा होता तो मी. मालकांनी हातातला मुकुट खाली ठेवला. म्हणाले, "तीन वर्सां झाली, दाजी. आता कित्या सांगतंस?" मी म्हटलं, कारण तो खोटं बोलला, आणि त्याच्या नावावर माझी चूक राहिली. आणि आता माझ्याही पायांत गोळे येतात, हेही ऐकून ठेवा. मला ठेवायचं की नाही ते तुम्ही बघा.

मालक अजून काही बोललेले नाहीत. कार्तिक तोंडावर आलाय, निरोप येईल किंवा नाही येणार. नाही आला तर मी बाकड्यावर बसेन, ऋषी होईन, येईल त्याला आशीर्वाद देईन, तुला जे नको होतं ते सगळं करीन. पण वासू, तू जे सांगितलंस ते मी खोडून आलो. तुला विचारलं असतं तर तू मला जाऊ दिलं नसतंस. देवबागनंतर दुसऱ्यांदा तुला न विचारता मी काही केलंय, आणि या वेळी तुझं उत्तर काय आलं असतं ते मला कळत नाही.